आधी ब्लँक, मग पाना

तुझा मेल वाचला, सोबतचे क्रोमॅटोग्रामही (गॅस क्रोमॅटोग्राफने काढलेले घटकांचे आलेख) पाहिले. जड हायड्रोकार्बन असलेल्या गॅसनंतर जवळपास निव्वळ मिथेनचा नमुना लावलास आणि त्यात मागच्या गॅसमधलं जड हेक्झेन दिसलं. मग एकाच दुपारी कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) बेक केलास, दाब उतरवणारा रेग्युलेटर बदललास, नमुना आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा रोटरही (आतला फिरता भाग) बदललास. हेक्झेन गेलं. पुढच्या आठवड्यात परत आलं. आणि आता मला विचारणा, की नेमकं बिघडलंय कुठे?

मी कसं सांगू? माग होता तो तूच पुसून टाकलास.

आधी ब्लँक, म्हणजे नमुन्याविना घेतलेला रन. पान्याला हात लावण्याआधी ब्लँक. तू म्हणशील, घेतला होता. हेलियम लावून एक रन मारलास, तो ब्लँक नव्हे. ब्लँक तुकड्यातुकड्याने घ्यायचा. पहिला, व्हॉल्व्ह न फिरवता नुसता रन सुरू कर. इंजेक्शनच नाही, तरी आलेखात उंचवटा (पीक) आला तर तो कॉलममध्ये मागच्या रनचा रेंगाळलेला माल. असा पीक बहुधा बसका, पसरट असतो. तिथे बॅकफ्लशची (कॉलममधला प्रवाह उलटवून जड घटक बाहेर काढण्याची) वेळ तपासायची. बिचाऱ्या रेग्युलेटरचा काही संबंध नाही. दुसरा, हेलियम थेट व्हॉल्व्हच्या सॅम्पल इनलेटला जोड, लूप (ठरावीक नमुना मावणारी नळी) नीट धुऊन इंजेक्ट कर. हेक्झेन नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या रुंदीने आलं तर संशय लूप आणि रोटरवर. तिसरा, सिलिंडर जोडतोस तिथून, रेग्युलेटर, फिल्टर, नळी सगळ्यातून हेलियम सोड. हेक्झेन इथेच पहिल्यांदा दिसलं तर रोटर निर्दोष.

आणि ज्या तुकड्यात सापडेल तिथे लागोपाठ काही ब्लँक घे. दर वेळी उतरत गेलं तर काहीतरी धुतलं जातंय. तितकंच राहिलं तर तो मागचा नमुना नव्हेच, हेलियमकडे आणि त्याच्या नळीकडे वळ. नायट्रोजन दिसला तर बहुतेक हवा: सैल जोडातून, नाहीतर वेंटकडून उलटी शिरलेली.

माझा अंदाज हवाच असेल तर रेग्युलेटर. दाब उतरताना गॅस थंड होतो, दवबिंदूखाली गेला की जड घटक तिथेच द्रवरूप होऊन बसतात. रेग्युलेटरचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) रबरी असेल तर त्यातही मुरतात आणि पुढच्या नमुन्यात हळूहळू सुटत राहतात. म्हणून नळी, रेग्युलेटर गरम ठेवायचे, डायफ्रॅम स्टीलचा घ्यायचा, हलका गॅस आधी आणि जड नंतर लावायचा. पण हा अंदाज आहे. अंदाजावर पाना उचलायचा नाही, माझ्या अंदाजावर तर मुळीच नाही.

या हट्टापायी मी बरंच ऐकून घेतलंय. मशीन अडवून ठेवतो, हेलियम उडवतो. उडवतो! आकारमानाने मोजलं तर हेक्झेनचं उष्मामूल्य (जळताना मिळणारी उष्णता) मिथेनच्या साडेचारपटीहून जास्त आहे. आधीच्या नमुन्यातलं चिमूटभर हेक्झेन नव्या नमुन्याचा आकडा वर ढकलतं, आणि गॅसची किंमत त्याच आकड्यावर ठरते. वर नॉर्मलायझेशन सगळ्यावर पांघरूण घालतं: बेरीज शंभर केली की उष्टं हेक्झेनही हक्काचं वाटू लागतं. एएसटीएम डी १९४५ या नैसर्गिक वायूच्या विश्लेषणाच्या मानकात कच्ची बेरीज शंभरापासून एक टक्क्याहून जास्त ढळू नये असं आहे, पण थोडासा कॅरीओव्हर (मागच्या नमुन्याचा उरलेला अंश) त्या एका टक्क्यात सहज लपतो. ती चाळणी त्याच्यासाठी नाहीच. ब्लँकवर गेलेल्या वेळाची मला खंत नाही. घाईच्या दिवसांत मला ब्लँक घेऊ न देता पुढे गेलेल्या रिपोर्टांची आहे, आणि ती जात नाही.

तू हुशार आहेस, म्हणूनच चिडलोय. तीन गोष्टी एकदम बदलायला हिंमत लागते, ती तुझ्याकडे आहे. एकच बदलून थांबायचा धीर अजून नाही.

जुने भाग फेकले नसशील तर आधी फक्त जुना रेग्युलेटर परत लाव. तोच जड गॅस चालव, मग तिन्ही ब्लँक. नंतर नवा रेग्युलेटर आणि जुना रोटर, पुन्हा तेच. मला कच्चे पीक एरिया (उंचवट्यांची क्षेत्रफळं) पाठव, टक्केवारी नको.