वेढ्यात अडकलेल्या शहरात चांदीची ताटं कापून नाणी पाडली, हे खरं आहे का? आणि ती गोल का नसत?

हो, खरं आहे. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधल्या नेवार्कचं. तिथल्या यादवी युद्धात हे गाव राजा पहिला चार्ल्सच्या बाजूचं. 1645 च्या नोव्हेंबरपासून पार्लमेंटच्या आणि स्कॉटिश फौजेने त्याला शेवटचा वेढा घातला. बाहेरून पैसा येणं बंद, पण शिबंदीचा पगार तर द्यायलाच हवा. मग घराघरांतली चांदीची भांडी बाहेर निघाली.

आकार म्हणाल तर थेट शंकरपाळी! कारणही तेच, जे आपण शंकरपाळ्या कापताना पाहतो: पत्र्यावर तिरक्या रेघा मारल्या की तुकडे पडतात आणि कातरण फारसं उरत नाही. गोल कापलं तर मधली चांदी वाया जाते, ती पुन्हा वितळवायचा खटाटोप वेगळा.

एका बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरं आणि रोमन आकड्यांत किंमत: 30, 12, 9 किंवा 6 पेन्स. दुसऱ्या बाजूला ‘नेवार्क, वेढ्यात’ अशा अर्थाचा मजकूर आणि साल, 1645 किंवा 1646. नऊ पेन्सचं नाणं एरवी इंग्लंडच्या चलनात नव्हतंच.

मला सगळ्यात आवडतात ते नीट न ठोकले गेलेले तुकडे. काहींवर मूळ भांड्याची नक्षी अजून दिसते, काहींवर सोन्याच्या मुलाम्याचा अंश. म्हणजे हातात नाणं आणि त्यात कुणाच्या तरी ताटाचा काठ.

मे 1646 मध्ये राजाच्याच हुकमाने गाव शत्रूच्या स्वाधीन झालं.