दंडोब्याच्या वाटेवर ग्रॅव्हल सायकल: आधी टायर बघा

ग्रॅव्हल सायकल म्हणजे मुरूम-मातीच्या रस्त्यांसाठीची जाड टायरची सायकल. सांगली-मिरजेकडून सुरुवात करणार असाल तर पहिली राइड दंडोबा डोंगराचीच करा. मिरज-पंढरपूर रस्त्यावर भोसे गावाजवळून डोंगराकडे वळायचं. वर वनखात्याचं जंगल आहे आणि खडकात कोरलेलं जुनं देऊळ. तिथे सायकल बाहेर लावून पायीच जा. जंगलातल्या वाटांवर शिरण्याआधी वनरक्षकाला विचारून घ्या.

टायर किमान ४० मिमी रुंद हवा. तुमचं वजन ७० किलोच्या आसपास असेल तर ट्यूबलेसमध्ये (आत ट्यूब नसलेल्या टायरमध्ये) पुढे ३२, मागे ३५ पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. ट्यूब असेल तर ४-५ जास्त भरा, नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. रस्त्यावरच्यासारखी ६० पीएसआय हवा भरून मुरमावर गेलात तर चाक उडत राहील, पकड मिळणार नाही.

खरा शत्रू बाभळीचा काटा. प्रत्येक ट्यूबलेस टायरमध्ये ६० मिली सीलंट (भोक बुजवणारं द्रव) ठेवा. आपल्या उन्हात ते लवकर सुकतं, म्हणून दर दोन महिन्यांनी तपासा. काटा लगेच उपसू नका. आधी भोक खाली येईल असं चाक फिरवा, म्हणजे सीलंट तिथे जमतं.

उतारावर सुटा मुरूम असतो. ब्रेक वळणाआधी लावा, वळणात नाही. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस काळ्या रानातले रस्ते टाळाच: चिखल फोर्क (पुढचं चाक धरणारा दांडा) आणि टायरमध्ये थापला जातो, चाक फिरेनासं होतं, आणि तसंच जोर लावून रेटलं तर डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला जोडणारा तुकडा, मोडतो. जादा हँगर जवळ असू द्या. तो बऱ्याचदा फ्रेमनुसार वेगळा असतो, गावच्या दुकानात मिळत नाही.