पाणी दे, पण आधी नंबर लिही

प्रिय,

वाळवंटातल्या अनेक दिवसांच्या अल्ट्रामॅरेथॉनला, म्हणजे मॅरेथॉनहून लांब पल्ल्याच्या शर्यतीला, स्वयंसेवक म्हणून जायचं ठरवलंस, छान केलंस. तुझ्या पत्रात टाळ्या वाजवणं, धीर देणं, शेवटच्या रेषेवर पदक गळ्यात घालणं असं बरंच काही आहे. तेही होईल. पण तिथं चेकपॉइंटवर, म्हणजे वाटेतल्या पाण्याच्या आणि नोंदीच्या थांब्यावर, पोचल्यावर तुझ्या हातात सगळ्यात आधी एक नोंदवही किंवा टॅब देतील, आणि कुणाचा जीव खरोखर कशावर अवलंबून असेल तर त्या नोंदींवर. म्हणून त्याबद्दलच आधी लिहिते.

1994 साली मोरोक्कोतल्या 'मॅराथाँ दे साब्ल' या शर्यतीत माउरो प्रोस्पेरी नावाचा इटालियन धावपटू वाळूच्या वादळात वाट चुकला. साधासुधा गडी नव्हता. मॉडर्न पेंटॅथलॉन, म्हणजे पाच खेळांची एकत्र स्पर्धा, खेळलेला तो खेळाडू होता. वादळ थांबेपर्यंत खुणा दिसेनाशा झाल्या होत्या, आणि तो चालत राहिला. शेवटी सापडला तो शेजारच्या अल्जीरियात, जवळजवळ दहा दिवसांनी. आता बहुतेक मोठ्या शर्यतींत धावपटूंच्या अंगावर ते कुठे आहेत हे कळवणारे ट्रॅकर असतात. तरी बॅटरी संपते, यंत्र बंद पडतं. अशा वेळी 'हा माणूस दुसऱ्या चेकपॉइंटवरून अकरा वाजता निघाला आणि तिसऱ्यावर अजून आलेला नाही' हे कळतं ते तुझ्यासारख्या कुणीतरी नीट लिहिलेलं असतं म्हणूनच. शोध कुठून सुरू करायचा हेही त्यावरूनच ठरतं.

तेव्हा क्रम पक्का ठेव. माणूस आला की आधी नंबर आणि वेळ, मग पाणी. पाणी आधी दिलंस की तो पुढे सरकतो, मागून चौघांचा घोळका येतो आणि एक नंबर हमखास निसटतो. बिब, म्हणजे छातीवरचा नंबराचा कागद, बॅगेच्या पट्ट्याखाली झाकलेला असेल तर मोठ्यानं विचार आणि त्याच्याकडून वदवून घे. लिहायला एकच माणूस असावा. दोघं लिहायला लागले की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं लिहिलं असेल. आणि जो शर्यत सोडून गाडीत बसतो, त्याची नोंद तर दुप्पट काळजीनं कर: किती वाजता, कुठल्या गाडीतून, कुणाच्या ताब्यात. नाहीतर छावणीत झोपलेल्या माणसाला शोधायला रात्रभर गाड्या फिरतात.

दुसरं काम बघण्याचं. 'कसं वाटतंय?' असं विचारलंस तर सगळे 'मस्त' म्हणतील. चौथ्या दिवशी धावपटूच्या स्वतःबद्दलच्या मतावर मी तरी विश्वास ठेवत नाही; तो खोटं बोलतो असं नव्हे, त्याला कळतच नसतं. त्याऐवजी डोकं चालवावं लागेल असं काहीतरी विचार: आज कितवा टप्पा? बॅगेत खायला काय उरलंय? उत्तरापेक्षा उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघ. बाटलीचं झाकण लावताना हात कसे चालतात ते बघ. आणि तो निघाला की वीसेक पावलं त्याच्या चालीवर नजर ठेव. तोल जात असेल, बोलणं भरकटत असेल, उगाच चिडत असेल तर थांबवायचं आणि लगेच डॉक्टरला कळवायचं.

घाम थांबला म्हणजेच उष्माघात, हा समज मात्र सोडून दे. धावताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामानं भिजलेलं असू शकतं. शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मेंदू गोंधळतो, ही खरी खूण. अशा वेळी गाडीची वाट बघत बसायचं नाही. सावली, अंगावरचं सामान आणि जास्तीचे कपडे काढणं, भरपूर पाणी ओतणं, जोरात वारा घालणं, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत. आधी थंड करायचं, मग हलवायचं.

उलटा धोकाही तितकाच खरा. पाणी कमी पडून जसा माणूस पडतो तसा जास्त पिऊनही पडतो, रक्तातलं सोडियम घसरतं म्हणून. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यतीनंतर 488 जणांचं रक्त तपासलं तेव्हा साधारण 13 टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं. आणि ती तर काही तासांची शर्यत. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं अशी लक्षणं दिसली तर 'पी, अजून पी' असा आग्रह करू नकोस. दोन्हींत माणूस गोंधळतो, म्हणून फरक डॉक्टरला ठरवू दे. तू काय पाहिलंस आणि किती वाजता, तेवढं अचूक सांग.

आता एक गोष्ट तुला जड जाईल. या शर्यतींत बहुधा धावपटूनं स्वतःचं जेवण, झोपायची पिशवी, सगळं पाठीवर वाहायचं असतं. पाणीही पुष्कळदा ठरलेल्या मापानं मिळतं. तुझ्याकडचं बिस्किट प्रेमानं पुढे केलंस तर दंड त्याला होतो. नियमपुस्तक धावपटूंइतकंच तूही वाचून जा. परवानगी कशाची आहे ते माहीत असलं की 'नाही' म्हणताना आवाजात चिडचिड येत नाही. जीवाचा प्रश्न आला तर अर्थात नियम मागे, दंडाचं नंतर बघता येतं.

रडत येऊन 'मी सोडतो' म्हणणाऱ्याला लगेच सहीचा कागद देऊ नकोस. बसव, बूट काढू दे, काहीतरी खाऊ दे, कट-ऑफला, म्हणजे थांबा गाठायच्या शेवटच्या मुदतीला, किती वेळ उरलाय ते नेमकं सांग. पुष्कळ जण उठून चालू लागतात. पण 'आता थोडंच राहिलं' असं कधीही म्हणू नकोस. अंतर माहीत असेल तर किलोमीटरमध्ये सांग, नसेल तर गप्प राहा. या एका वाक्यामुळे स्वयंसेवकांवर जितका राग निघतो तितका उन्हावरही निघत नाही.

लांब टप्पा हा तुझा सगळ्यात मोठा दिवस. साधारण 80 किलोमीटर, काही वर्षी त्याहून जास्त. वेगवान लोक दिवसाउजेडी संपवतात, मागचे रात्रभर चालतात. टाळ्या खरं तर या मागच्यांसाठी राखून ठेव. पहाटे तीनला येणाऱ्याला चेकपॉइंटवर कुणी जागं दिसलं तरी पुष्कळ असतं. दिवसा भाजणारी वाळू रात्री गार पडते, तेव्हा जाड जॅकेट स्वतःसाठीही ने. झोपेच्या पाळ्या आधीच वाटून घ्या आणि तुझी पाळी आली की खरंच झोप. जागरण झालेला माणूस नंबर चुकीचे लिहितो.

बाकी किरकोळ. बूट घालण्याआधी झटकायचे, विंचू असतात. पाणी स्वतःही वेळेवर प्यायचं. उन्हात आठ तास उभं राहणारा स्वयंसेवकही कोसळतो आणि मग डॉक्टरची एक खाट त्यालाच लागते. बाटल्यांची झाकणं वेचायची. धावपटूंच्या पायांवरच्या फोडांचे फोटो काढून घरी पाठवायचे नाहीत.

अर्जात 'कोणतंही काम चालेल' असं लिहू नकोस. चेकपॉइंट हवा की छावणी, ते स्पष्ट लिही, आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं असेल तर तारखेसकट टाक. नसेल झालं, तर जाण्याआधी ते करून घे. विमा आयोजक काढतात की तुला काढायचाय, आणि त्यात वाळवंटातून हलवण्याचा खर्च धरलाय का, हे लेखी विचार. उत्तर आलं की मला पाठव, एकत्र वाचू.

तुझी,
ताई