डिसेंबरअखेर आईला आणि लेकीला घेऊन सेऊल: जावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: 26 डिसेंबर ते 4 जानेवारी अशी सुट्टी जमतेय, बरोबर 68 वर्षांची पक्की शाकाहारी आई आणि 9 वर्षांची लेक आहे. सेऊलची थंडी झेपेल का, की एप्रिलपर्यंत थांबावं? आम्ही सेऊलच्या दक्षिणेला सुवॉनमध्ये पाच हिवाळे काढले आणि त्यातल्या दोन हिवाळ्यांत सासूबाई पुण्याहून येऊन राहिल्या होत्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जाच. फक्त ठिकाणांची यादी समोर ठेवून दिवस आखू नका, ऊब कुठे कुठे मिळणार ते बघून आखा.

आधी थंडीचं. जानेवारीत सरासरी तापमान शून्याच्या खाली 2 अंश, पहाटे उणे 6 आणि उत्तरेकडून वारा सुटला की उणे 12-15 पर्यंत. हवा एकदम कोरडी. आकड्यापेक्षा वारा जास्त त्रास देतो, म्हणून हान नदीकाठचं फिरणं आईसाठी सरळ वगळा. कोरियन लोकांत एक जुना शब्द आहे, ‘साम्हान्साओन’, म्हणजे तीन दिवस थंड, चार दिवस उबदार. अगदी मोजून तसं होत नाही, पण थंडीची लाट येते आणि ओसरते हे खरं. हल्ली त्यात भर अशी की वारा पडला की हवेत बारीक धूळ साचते. थोडक्यात, कडाक्याच्या दिवशी आकाश निळंशार आणि उबदार दिवशी धुरकट. आईंना दम्याचा त्रास असेल तर त्या उबदार दिवसांतच मास्क लावायला सांगा.

सासूबाई आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी मी चूक केली. सकाळी ग्योंगबोकगुंग राजवाडा, तिथून चालत बुकचोनची जुनी घरं, मग इन्साडोंगचा बाजार, असं उघड्यावरचं सगळं एकापाठोपाठ लावलं. तापमान उणे 11. बाराच्या सुमारास माझा फोन थंडीने आपोआप बंद पडला. बॅटरी 40 टक्के होती, पण गेला तो गेलाच, आणि नकाशा, भाषांतर सगळं त्याच्यातच. सासूबाई काही बोलत नव्हत्या, पण त्यांना पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवता येईना तेव्हा मला कळलं. जवळच्या बसथांब्यावर बसलो तर बाक गरम! सेऊलमध्ये बऱ्याच थांब्यांवर हिवाळ्यात बाक तापवलेले असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी दोन्ही तळहात मांड्यांखाली घेतले, डोळे मिटले, आणि आमच्या दोन बस आम्ही जाऊ दिल्या. त्या दिवसापासून आमचा नियम झाला: तासभर बाहेर की तासभर आत. फोन कोटाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून. आणि एक साधा पॉवर बँक.

हा नियम पाळायला सेऊलसारखं शहर नाही. मेट्रोचे डबे उबदार असतात, सीटखालून गरम हवा येते. दुकानांचे मजलेच्या मजले जमिनीखाली आहेत. राजवाड्यालाच दोन संग्रहालयं चिकटून आहेत. मेट्रोच्या 3 नंबरच्या मार्गावरच्या ग्योंगबोकगुंग स्थानकाच्या 5 नंबरच्या दाराने बाहेर पडलात की पहिलं राजवाड्याच्या वस्तूंचं संग्रहालय लागतं, आणि पलीकडच्या टोकाला लोकजीवनाचं. राजवाडा मंगळवारी बंद असतो आणि हिवाळ्यात शेवटचा प्रवेश दुपारी 4 ला. तशीही सव्वापाचला संध्याकाळ होते, हे दिवस आखताना धरा.

राजवाड्यात लोक सिंहासनाचा दिवाणखाना आणि पहारा बदलण्याचा सोहळा बघून परततात. तुम्ही तेवढ्यावर थांबू नका. हा वाडा 1395 चा, 1592 च्या जपानी स्वारीत जळाला आणि पुढे पावणेतीनशे वर्षं उजाडच होता. 1860 च्या दशकात तो पुन्हा उभारला तेव्हा राणीच्या महालामागे, ग्योतेजोनच्या परसात, पायऱ्यापायऱ्यांची छोटी बाग केली. तिला आमिसान म्हणतात. त्या बागेत विटांचे चार षट्कोनी खांब दिसतात. अंगावर फुलं, पक्षी, प्राणी कोरलेले, माथ्यावर कौलांची टोपी. ते खांब नाहीत, धुराडी आहेत! खोलीबाहेरच्या चुलीत लाकडं पेटवायची, धूर आणि आच जमिनीखालच्या दगडी नळ्यांतून सगळ्या खोलीखालून फिरवायची आणि पलीकडे बागेत धूर सोडायचा, अशी ती योजना. तिला ‘ओन्दोल’ म्हणतात. धूर जिथून बाहेर पडणार ती जागाही राणीच्या नजरेला सुंदर दिसावी म्हणून एवढी कारागिरी. जवळच जाग्योंगजोन या महालाच्या भिंतीत आणखी एक धुराडं आहे, त्यावर सूर्य, पाइन, हरीण, कासव, करकोचा अशी दीर्घायुष्याची चिन्हं आहेत. लेकीला ती शोधून मोजायला सांगा. आमच्या मुलाने वीस मिनिटं थंडी वाजतेय म्हटलं नाही.

आणि हेच ओन्दोल तुम्ही राहाल तिथेही असेल, फक्त आता जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या असतात. जुन्या पद्धतीच्या लाकडी घरात, हानोकमध्ये, एक तरी रात्र काढा. झोपायला जमिनीवर जाडशी गादी. आईंचे गुडघे दुखत असतील तर आधी विचारून पलंग असलेली खोली घ्या, पण बसायला तरी त्या जमिनीवर बसवा. बाहेरून आल्यावर पाय टेकले की टाचेपासून वर ऊब चढत जाते.

आता जेवण, कारण तुमची खरी काळजी तीच दिसते. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, कारण मासा त्यात मोजत नाहीत. बहुतेक सूप सुक्या मासळीच्या पाण्यात असतं आणि किमचीत, म्हणजे कोबीच्या आंबवलेल्या लोणच्यातसुद्धा, बहुधा मासळीचा रस किंवा खारवलेली कोळंबी असते. ग्वांगजांग बाजारात जात्यावर भिजवलेले मूग दळून मोठाल्या तव्यावर बिन्देतोक टाकतात, दिसायला थेट आपलं मुगाचं धिरडं. सासूबाई जात्यासमोरून हलेनात. पण पिठात डुकराचं मांस असू शकतं आणि तेलही एकच, तेव्हा आईंना नुसतं बघू द्या. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे भाजलेली रताळी, भाजलेले चेस्टनट, जेजू बेटाची संत्री आणि बुंगोप्पांग. हा माशाच्या आकाराचा केकसारखा पदार्थ, पण आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण असतं, माशाचा संबंध नाही; आई अंडं खात नसतील तर पिठात ते आहे का एवढं विचारा. गाडीवरच्या काडीला टोचलेल्या लांबट पट्ट्या मात्र खरोखर माशाच्या, त्या टाळा.

एक जेवण मुद्दाम ठरवून बौद्ध मठाच्या पद्धतीचं घ्या. जोग्येसा मंदिराच्या समोर बाल्लू गोंगयांग नावाचं उपाहारगृह आहे, आधी जागा राखून ठेवावी लागते आणि स्वस्त नाही. पण या स्वयंपाकात मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही वर्ज्य. आमच्या सासूबाई चातुर्मास पाळतात, त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा परदेशात न विचारता घास घेतला. बाकी रोजच्यासाठी घरून मेतकूट, चटणी आणि लोणचं न्या. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांत साध्या शिजवलेल्या भाताच्या डब्या मिळतात आणि मायक्रोवेव्हही तिथेच असतो. दोन मिनिटांत मेतकूट-भात.

कडाक्याच्या दिवसासाठी इचोन स्थानकाजवळचं राष्ट्रीय संग्रहालय राखून ठेवा, फक्त 1 जानेवारीला ते बंद असतं. आत गेल्यावर 1348 चा संगमरवरी दहा मजली मनोरा छताखाली उभा दिसतो. तो बघा आणि वरच्या मजल्यावरच्या एका अंधाऱ्या दालनात जा. तिथे चिंतनात बसलेल्या दोन बोधिसत्त्वांच्या, चौदाशे वर्षांपूर्वीच्या मूर्ती आहेत, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर, बोट गालाशी. दुसरं काहीच नाही. आम्ही पंधरा मिनिटं बसलो होतो, कुणीही काही बोललं नाही.

लेकीसाठी महापालिकेसमोरच्या मैदानात बर्फावर घसरायचं मैदान करतात. बुटांसकट 1000 वॉन, म्हणजे साठेक रुपये. हातमोजे हवेतच. आई समोरच्या जुन्या इमारतीतल्या ग्रंथालयात उबेला बसू शकतात. 31 डिसेंबरच्या मध्यरात्री बोसिन्गाक या घंटाघरातली घंटा 33 वेळा वाजवतात, ती टीव्हीवर बघा, गर्दी फार. बुकचोनच्या गल्ल्यांत काही भागांत पर्यटकांना सकाळी 10 ते संध्याकाळी 5 एवढाच वेळ आहे, मोडल्यास एक लाख वॉन दंड. तिथे लोक राहतात, हळू बोला.

व्हिसा लागतो, त्याला वेळ ठेवा. नकाशासाठी नेव्हर मॅप घ्या, आपल्या नेहमीच्या नकाशावर तिथे चालायचे रस्ते धड मिळत नाहीत. विमानतळावर उतरल्याउतरल्या टी-मनी कार्ड, म्हणजे बस-मेट्रोच्या भाड्याचं कार्ड, घ्या. कपड्यांत गुडघ्यापर्यंतचा फुगीर कोट, आत दोन पातळ थर आणि खिशात ठेवायच्या गरम पुड्या, त्या तिथल्याच दुकानात मिळतात.

रात्री खोलीत ओला टॉवेल वाळत घाला, नाहीतर कोरड्या हवेने आईंचा घसा बसेल. आणि बरोबर तिळाचे लाडू नेलेत तर डबा टेबलावर ठेवा, जमिनीवर नको. आमच्या डब्यातला गूळ सकाळपर्यंत पाघळून सगळ्या लाडवांचा एकच गोळा झाला होता.