मॅग्नम विकून ६.५ घेऊ का? वाचकांचे प्रश्न: रायफल आणि रिकॉइल

या वेळची बरीच पत्रं एकाच विषयावर आलीत, मोठ्या जनावराला मोठीच कॅलिबर, म्हणजे जाड गोळीची रायफल, लागते का, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. हे सगळं बोलणं जिथे परवाना, सीझन आणि टॅग (ठराविक जनावर मारायची परवानगी-चिठ्ठी) कायद्याने मिळतो तिथल्या शिकारीबद्दलच आहे.

प्रश्न: सर, एल्कसाठी (उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण) .३०० विन मॅग, म्हणजे जोरदार मॅग्नम काडतुसाची रायफल, घेतली, हलकी माउंटन रायफल आहे. पहिल्या दोन-तीन गोळ्या बऱ्या लागतात, मग ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) पसरत जातो, खांदा दुखतो आणि खरं सांगायचं तर ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतात. मित्राची ६.५ क्रीडमोर (बारीक गोळीची, हलक्या धक्क्याची) चालवून बघितली तर सगळ्या गोळ्या मुठीएवढ्या जागेत. पण आमच्यातले सगळे म्हणतात एल्कला ६.५ मारणं म्हणजे जनावरावर अन्याय. काय करू?

उत्तर: ६.५ घ्या, आणि मनात कसलाही कमीपणा ठेवू नका. जनावरावर अन्याय होतो तो पोटात किंवा मागच्या पायात लागलेल्या गोळीने, आणि डोळे मिटून मारलेली गोळी तिथेच जाते, मग ती .३०० ची असो नाहीतर कुठलीही.

आधी आकडे बघू म्हणजे खांदा का दुखतो ते कळेल. ८ पाउंडाची रायफल धरली तर ६.५ क्रीडमोरचा रिकॉइल, म्हणजे गोळी सुटताना खांद्याला बसणारा धक्का, साधारण १३ फूट-पाउंड (ऊर्जेचं माप) येतो, .३०८ चा १६ च्या आसपास, आणि .३०० विन मॅगचा १८० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीने ३० फूट-पाउंड. .३३८ विन मॅग तर ३५ च्याही वर जाते. म्हणजे तुम्ही मित्राच्या रायफलच्या दुप्पट-अडीचपट धक्का खाताय. त्यात तुमची माउंटन रायफल, स्कोप धरून ती ७ पाउंड भरत असेल तर तेच ३० चे ३५ होतात, कारण काडतूस तेच ठेवून रायफलचं वजन जितकं कमी कराल तितका धक्का त्याच प्रमाणात वाढतो. लोक डोंगर चढायला सोपी म्हणून हलकी रायफल घेतात आणि त्यातच सगळ्यात दणकट काडतूस घालतात, ही जोडी मला कधीच पटलेली नाही.

डोळे मिटणं, खांदा आधीच पुढे रेटणं, ट्रिगर झटक्यात ओढणं, याला फ्लिंच म्हणतात, आणि यात भित्रेपणा वगैरे काही नाही, शरीर एकदा मार खाल्ल्यावर पुढच्या वेळी स्वतःला वाचवायला बघतं इतकंच. नुसत्या निर्धाराने ते जात नाही. तपासायचं असेल तर मित्राला रायफल भरून द्यायला सांगा, कधी खरी गोळी, कधी डमी (तशीच दिसणारी पण न उडणारी), आणि आत काय आहे ते तुम्हाला कळता कामा नये. डमीवर ट्रिगर दाबल्यावर नळीचं टोक खाली बुचकळलं की समजायचं. उपाय म्हणजे काही दिवस फक्त .२२ चालवायची, घरी रिकामी रायफल दोनदा-तीनदा तपासून, खोलीत एकही काडतूस नाही याची खात्री करून ड्राय फायर, म्हणजे नुसता ट्रिगर दाबायचा सराव, करायचं, आणि मग हलक्या धक्क्याच्या रायफलवर यायचं. आणि बेंचवर (रायफल टेकवून मारायच्या टेबलावर) बसून गोळ्यांवर गोळ्या मारू नका, बेंचवर अंग मागे जायला जागाच नसते म्हणून धक्का जास्त झोंबतो. झीरो (स्कोपचा नेम जुळवणं) झाली की उठा आणि गुडघ्यावर, बसून, स्टिकवर टेकवून मारा, जंगलात तशीच मारायची आहे.

आता ६.५ एल्कला पुरते का. स्वीडनमध्ये ६.५x५५ ने लोक पिढ्यानपिढ्या मूस (तेही हरणाच्याच कुळातलं) मारत आलेत, हे काडतूस १८९० च्या दशकातलं, आणि मूस एल्कपेक्षा मोठं जनावर. तिथला कायदासुद्धा मूसच्या वर्गासाठी कॅलिबरचं नाव न सांगता गोळीचं वजन आणि १०० मीटरवरची ऊर्जा मागतो, १० ग्रॅमची गोळी असेल तर २००० ज्यूल, आणि ६.५ ची १५६ ग्रेनची गोळी १०.१ ग्रॅमची असते म्हणून आरामात बसते. ती एवढी आत का जाते, तर लांब आणि सडपातळ असते म्हणून. सेक्शनल डेन्सिटी, म्हणजे जाडीच्या मानाने गोळीचं वजन, बघा, ६.५ च्या १४० ग्रेन गोळीची .२८७ आणि .३० कॅलिबरच्या १८० ग्रेनची .२७१. गोळ्या एकाच बनावटीच्या असतील तर बारीक गोळी आत शिरायला कुठेही मागे राहत नाही.

पण बनावट एकच हवी, आणि खरं लक्ष तिथे द्या. जॉन नॉस्लर यांनी १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात मूसवर .३०० एच अँड एच मॅग्नमने गोळ्या मारल्या आणि त्या आत जायच्या आधीच फुटल्या. मॅग्नम होती, ताकद भरपूर होती, गोळी टिकली नाही. त्यातूनच पार्टिशन बुलेट जन्माला आली, मध्ये तांब्याची भिंत असलेली, पुढचा भाग फुलला तरी मागचा अखंड राहून आत जाणारी. तेव्हा एल्कला जाताना बाँडेड (आतलं शिसं बाहेरच्या कवचाला, म्हणजे जॅकेटला, पक्कं जोडलेली), पार्टिशन किंवा पूर्ण तांब्याची गोळी घ्या, टार्गेटची पातळ जॅकेटवाली घेऊ नका. रायफलमध्ये वाचवलेले पैसे चांगल्या गोळ्यांवर घाला आणि त्याच गोळीने सरावही करा.

मर्यादाही सांगतो, कारण ती नाही सांगितली तर मी तुम्हाला अर्धंच उत्तर दिलं असं होईल. ६.५ क्रीडमोरची १४३ ग्रेनची गोळी ३०० यार्डांवर साधारण १५०० फूट-पाउंड घेऊन पोचते, एल्कसाठी मी तिथेच थांबा म्हणेन. जनावर आडवं उभं हवं, पुढचा पाय जिथे छातीला मिळतो त्याच्या जरा मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या वरच्या कडेला नेम. तोंड तुमच्याकडे करून तिरकं उभं असेल तर वळेपर्यंत थांबा, पाठमोरं असेल तर सोडून द्या. .३०० वाला मित्र फऱ्याचं जाड हाड फोडून आत जाईन म्हणून तिरका शॉट घेऊ शकतो, तुम्ही नाही घ्यायचा. एवढं मान्य असेल तर हलक्या धक्क्याचा एक मोठा फायदा फुकट मिळतो, गोळी सुटल्यावरही जनावर स्कोपमधून हरवत नाही, गोळी कुठे लागली, जनावर कसं दचकलं, कुठल्या दिशेने गेलं हे दिसतं आणि लगेच दुसरी गोळी देता येते. मॅग्नमने स्कोप आभाळाकडे जातो आणि खाली येईपर्यंत समोर नुसती झाडं. एल्कवर तर पहिली चांगली लागली तरी उभा असेपर्यंत दुसरी द्यायचीच.

मित्रांना काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा, मी तर म्हणेन त्यांना २०० यार्डांवर, गुडघ्यावर बसून, प्रत्येकी तीन गोळ्या मारायला सांगा.

प्रश्न: मोठ्या कॅलिबरची गोळी जनावराला जागेवर आडवं पाडते, बारीक गोळीने ते पळतं, हे खरं ना?

उत्तर: नाही. गोळीचा रेटा एल्कला ढकलून पाडण्याएवढा असता तर तोच रेटा उलट्या बाजूने तुमच्या खांद्यावर आला असता आणि तुम्हीही पडला असता, न्यूटनचा तिसरा नियम इथेही चालतो. ३०० किलोच्या जनावराला कुठलीही खांद्यावरची रायफल ढकलत नाही. जागेवर पडतं ते मेंदू किंवा मणक्याला लागलं तर. फुप्फुसांना लागलं की रक्तदाब कोसळायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात जनावर पन्नास-शंभर मीटर जाऊ शकतं, .३०८ नेही आणि .३३८ नेही. मोठी गोळी थोडं रुंद भोक पाडते, रक्ताचा माग कधीकधी जास्त सापडतो, एवढा फरक मी मानतो. पण तो फरक इंचाच्या काही शतांशाचा आहे आणि फ्लिंचने नेम चुकतो तो फुटाने.

प्रश्न: दादा, माझी उंची कमी आहे, शूटिंग नुकतंच शिकतेय. नवरा म्हणतो .२४३ ने सुरुवात कर, दीर म्हणतात ३०-०६ घे आणि मझल ब्रेक (नळीच्या टोकाला लावायचं, धक्का कमी करणारं उपकरण) लाव. आधी हरीण आणि पुढे कधीतरी एल्क करायचा विचार आहे.

उत्तर: ताई, दोघांच्या मधलं घ्या, ७ एमएम-०८. .३०८ च्याच केसला (काडतुसाच्या पितळी खोळीला) बारीक मान करून बनवलेलं काडतूस, १९८० पासून बाजारात आहे, १४० ग्रेनची गोळी आणि रिकॉइल १४ फूट-पाउंडाच्या आसपास, हरीण आणि एल्क दोन्हीला चालतं. .२४३ चा धक्का १० च्या घरात, हरणाला उत्तम आहे, आणि कोलोराडोसारख्या ठिकाणी ८५ ग्रेनच्या गोळीने एल्कलाही कायद्यात बसते, पण तिथे चुकीला जागा फार कमी उरते आणि नवीन माणसाला तेवढी जागा हवीच.

कॅलिबरपेक्षा तुम्ही स्टॉककडे बघा, ते कोणी सांगत नाही. नेहमीच्या रायफलचा स्टॉक ट्रिगरपासून खांद्यापर्यंत साडेतेरा इंच असतो, तो कमी उंचीच्या माणसाला लांब होतो, मग रायफल खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर बसते, मान पुढे ताणावी लागते आणि स्कोप भुवईला लागतो. बारा-साडेबारा इंचांचा स्टॉक, चांगलं रबरी पॅड आणि बेताचं वजन. नवशिक्यांना, बायकांना, मुलांना "हलकी आहे, झेपेल" म्हणून साडेपाच पाउंडाची रायफल हातात देतात याचा मला मनापासून राग येतो, कारण तीच सगळ्यात जास्त मारते आणि पहिल्याच दिवशी माणसाचं मन उडतं. साडेसात-आठ पाउंडाची घ्या.

मझल ब्रेक धक्का खरंच कमी करतो पण आवाज बाजूला आणि मागे फेकतो, तुमच्या आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या कानांवर. एका गोळीनेसुद्धा ऐकणं कायमचं बिघडू शकतं, आणि शिकारीत घाईघाईत कानातलं घालायचं राहतं. जिथे सप्रेसरला (नळीवर लावायच्या, आवाज दाबणाऱ्या नळकांड्याला) परवानगी आहे तिथे तो लावा, धक्का आणि आवाज दोन्ही कमी होतात. कानाचं संरक्षण मात्र दोन्ही वेळेला हवंच.

प्रश्न: बेल नावाच्या शिकाऱ्याने ७x५७ ने हत्ती मारले, मग केप बफेलोला (आफ्रिकेतल्या रानरेड्याला) .३७५ ची सक्ती कशाला? हलक्या रायफलचा तुम्ही एवढा पुरस्कार करता तर इथे का नाही?

उत्तर: कारण इथे जनावर उलटून येतं. वॉल्टर डी. एम. बेल, ज्यांना कारामोजो बेल म्हणायचे, त्यांनी हजारावर हत्ती मारले आणि त्यातले बरेचसे .२७५ रिग्बीने, म्हणजे ७x५७ नेच, हे खरं आहे. पण त्यांनी हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू कुठल्या कोनातून कसा लागतो याचा अभ्यास केला होता, पूर्ण जॅकेटच्या न फुलणाऱ्या सॉलिड गोळ्या वापरायचे, आणि त्यांचा व्यवसायच तो होता, वर्षानुवर्षं रोजचा. बेलकडून घ्यायचं असेल तर नेमाचा अभ्यास घ्या, कॅलिबर नको. झुडपातून वीस पावलांवर जखमी बफेलो येतो तेव्हा हाड फोडून खोल जाणारी जड गोळीच लागते, आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत धोकादायक जनावरांना .३७५ च्या खाली परवानगीच नाही. .३७५ एच अँड एच १९१२ ची, ९ पाउंडाच्या पुढच्या रायफलमध्ये तिचा धक्का जोरात असला तरी लांब ढकलल्यासारखा येतो, सराव करून बरेच जण सांभाळतात. ती सांभाळता येत नसेल तर बफेलोला जाऊ नका, कुडू, इम्पाला, वाइल्डबीस्ट करा, त्यांना तुमची ७ एमएम भरपूर आहे.

प्रश्न: नवीन रायफल घेणं शक्य नाही. जुनी ३०-०६ आहे, तिचाच धक्का कमी करता येईल का?

उत्तर: येईल की. १८० ग्रेनऐवजी १५० ग्रेनची पूर्ण तांब्याची गोळी घ्या, रिकॉइल २२ वरून २० च्या खाली येतो आणि तांबं वजन टिकवत असल्यामुळे आत जाण्यात फार काही गमवत नाही. मुद्दाम कमी रिकॉइलची फॅक्टरी काडतुसंही मिळतात, ती २०० यार्डांच्या आतच वापरा. स्वतः काडतुसं भरत असाल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या लोडच्या खाली मनाने पावडर कमी करू नका, सावकाश जळणाऱ्या पावडरचं प्रमाण फार घटवलं तर दाब अचानक वाढून रायफल फुटू शकते. स्टॉकच्या पोकळीत शिशाचं वजन भरलं तरी फरक कळतो. आणि लोड बदललात की आधीचा झीरो गेला असंच धरा, नव्या गोळीने १०० आणि २०० यार्डांवर कागदावर मारून बघितल्याशिवाय जनावरावर रायफल उचलू नका.