वाचकांचे प्रश्न : बेताच्या पैशांत गेमिंगचा संगणक

प्रश्न : मी पहिल्यांदाच सुटे भाग घेऊन संगणक जुळवणार आहे. हाताशी असलेली रक्कम मध्यम आहे. मित्राने करून दिलेल्या यादीत आठ कोअरचा महागडा प्रोसेसर, लिक्विड कूलर आणि ३२ जीबी रॅम आहे. त्यामुळे ग्राफिक्स कार्डासाठी एकूण रकमेचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो. मॉनिटर जुनाच, १०८० पी आणि ६० हर्ट्झचा, वापरणार आहे. ही यादी योग्य आहे का?

उत्तर : दिवसभर व्हिडिओ संपादित करणाऱ्याला ही यादी शोभून दिसेल, परंतु आपल्याला खेळायचे आहे, आणि खेळायच्या संगणकाचा विचार पडद्यापासून सुरू करून एकेक पायरी मागे यावे, हे बरे. १०८० पी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. १४४० पी पडद्यावर तीच संख्या सुमारे ३६.९ लाख होते. पडदा बदलला की प्रत्येक फ्रेममागे, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्रामागे, ग्राफिक्स कार्डाचे काम असे पावणेदोनपटीने वाढते. प्रोसेसरला मात्र पडदा किती पिक्सेलचा आहे याचे फारसे सोयरसुतक नसते. शत्रू कुठे उभा आहे, गाडी वळणावर किती घसरली, कोणती वस्तू चित्रात आणायची, हा हिशेब करून तो काम कार्डाच्या हवाली करतो, आणि हा हिशेब त्याला सेकंदाला जितक्या फ्रेम हव्यात तितक्या वेळा करावा लागतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९. पिक्सेल वाढले की भार कार्डावर पडतो आणि फ्रेम वाढल्या की दोघांवरही, एवढे ध्यानात घेतले की पुढची निवड बरीच सोपी होते.

आपला ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० पेक्षा जास्त फ्रेम दाखवूच शकत नाही. तेवढ्या फ्रेमसाठी रायझन ५ ७६०० किंवा इंटेल कोअर आय५ १२४००एफ यांसारखा सहा कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि बारा थ्रेडचा (एका वेळी चालणारी कामे) प्रोसेसर पुष्कळ झाला. आठ कोअरच्या प्रोसेसरसाठी मोजलेले जादा पैसे पडद्यावर दिसणारच नाहीत. या दोन्ही प्रोसेसरांच्या खोक्यात कूलर येतो आणि तो त्यांना पुरतो, म्हणून ६५ वॅटच्या प्रोसेसरला लिक्विड कूलर म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तिथे वाचलेल्या पैशांतून आधी ग्राफिक्स कार्ड वरच्या पायरीचे घ्यावे, आणि त्यानंतरही काही उरले तर १४४ हर्ट्झ किंवा त्याहून अधिक वेगाचा मॉनिटर घ्यावा. मॉनिटर धरला नाही, तर एकूण रकमेपैकी ४० ते ५० टक्के रक्कम कार्डावर जावी, असे माझे मत आहे.

मित्राच्या यादीतील एक गोष्ट मात्र तशीच ठेवा, ती म्हणजे ३२ जीबी रॅम. १६ जीबीवर आजचे बहुतेक खेळ चालतात आणि बाकीची नंतर घालू, असा विचार मनात येणे साहजिक आहे. डीडीआर४ या मागच्या पिढीच्या रॅमच्या जुन्या संगणकांत तो बऱ्यापैकी खपूनही जात असे. डीडीआर५ या नव्या पिढीत दोनाच्या चार स्टिक (रॅमच्या पट्ट्या) झाल्या की सहसा रॅमचा वेग बराच उतरवावा लागतो. त्यामुळे पैसे पुरत असतील तर सुरुवातीलाच १६ जीबीच्या दोन स्टिक घ्याव्यात. एकच ३२ जीबीची स्टिक घेऊ नये, कारण मग दोन चॅनेलपैकी एक रिकामा राहतो आणि प्रोसेसरला रॅमकडून निम्म्याच रुंदीची वाट मिळते.

प्रश्न : एकच ग्राफिक्स कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळते. चिप तीच असेल, तर जास्तीच्या मेमरीसाठी पैसे का मोजावेत? परीक्षणांतील सरासरी आकडे तर अनेकदा सारखेच दिसतात.

उत्तर : सरासरी सारखी दिसते, हीच यातली खरी अडचण आहे. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही २०२५ साली आलेली दोन्ही कार्डे अशी दोन-दोन रूपांत विकली जातात, आणि खेळाचा पसारा ८ जीबीत मावतो तोपर्यंत दोन्ही रूपे जवळजवळ सारखीच धावतात. फरक पडतो तो पसारा मावेनासा झाल्यावर.

कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मुख्यतः टेक्श्चर असतात : भिंतीचा गिलावा, कपड्याची वीण, झाडाची साल. ती मेमरी भरली की उरलेला माल संगणकाच्या रॅममध्ये ठेवला जातो आणि लागेल तसा पीसीआय एक्सप्रेस या, कार्डाला मदरबोर्डशी जोडणाऱ्या वाटेने आणला जातो. आता वेग बघा. आरटीएक्स ४०६० या ८ जीबीच्या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी माहिती पुरवते. हे कार्ड पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या आठच लेन वापरते आणि त्या वाटेने सेकंदाला सुमारे १६ जीबी येतात. मदरबोर्ड जुना, ३.० पिढीचा असेल तर ८. खेळणाऱ्याला हे असे जाणवते की गाडी सुरळीत धावत असताना एखाद्या चौकात वळताच चित्र क्षणभर अडखळते, किंवा समोरची भिंत दोन-तीन सेकंद मातीच्या लगद्यासारखी अस्पष्ट दिसून मग स्पष्ट होते. सेकंदाला सरासरी ७० फ्रेम आल्याची नोंद होते, पण खेळण्याची मजा गेलेली असते. म्हणूनच परीक्षण वाचताना सरासरीच्या शेजारचा ‘सर्वांत संथ १ टक्का फ्रेम’ हा आकडा आधी पाहावा.

आपण १०८० पी पडद्यावर मुख्यतः स्पर्धात्मक खेळ खेळत असाल, तर ८ जीबीचे कार्ड अजूनही निभावून नेईल. कथाप्रधान, मोठ्या जगाचे खेळ आवडत असतील, किंवा १४४० पी मॉनिटर घेण्याचा विचार असेल, तर मी १६ जीबीचेच घ्या असे सांगेन. टेक्श्चरचा दर्जा वाढवला तर चित्र नजरेत भरेल इतके सुधारते आणि मेमरी पुरेशी असेल तर वेग जवळजवळ कमी होत नाही. इतक्या स्वस्तात मिळणारी दुसरी कोणतीही सेटिंग मला माहीत नाही. मधली वाट म्हणून इंटेलचे १२ जीबीचे आर्क बी५८० आहे. ते घेणाऱ्याने मात्र आपला मदरबोर्ड रिसाइझेबल बार ही सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) देतो ना, हे आधी तपासावे, कारण ती बंद असेल तर हे कार्ड फारच मागे पडते.

प्रश्न : माझ्याकडे रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड आणि १६ जीबी डीडीआर४ रॅम आहे. सगळे विकून एएमडीच्या एएम५ या नव्या सॉकेटवर जावे, की आहे त्यातच भागवावे?

उत्तर : आहे त्यातच भागवा, निदान एक फेरी. एएमडीचे पहिले रायझन प्रोसेसर २०१७ साली एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या जागेवर; आपला बी४५० बोर्ड याच सॉकेटचा आहे) आले आणि त्याच सॉकेटवर २०२२ साली रायझन ५ ५६०० आले. आपल्या मदरबोर्डच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावर प्रोसेसरांची यादी असते; त्यात ५६०० चे नाव आणि त्यासाठी लागणारी बायोसची (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती पाहा. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करा आणि मगच नवा बसवा. हा क्रम उलटा केला तर संगणक सुरूच होत नाही आणि माणूस नवा प्रोसेसर खराब निघाला असे समजून बसतो.

अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्याला मात्र मी एएम५ सुचवतो. त्यात डीडीआर५ रॅमच घ्यावी लागते, म्हणून सुरुवातीचा खर्च जास्त होतो. पण एएमडीने हे सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवण्याचे जाहीर केले आहे, त्यामुळे पुढे कधीतरी नुसता प्रोसेसर बदलून काम भागण्याची शक्यता राहते. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटला चौदाव्या पिढीनंतर नवी मालिका नाही. १२४००एफ सारखा प्रोसेसर स्वस्तात मिळाला तर जरूर घ्यावा, पण पुढची बढती त्याच बोर्डवर मोठी असणार नाही हे गृहीत धरूनच.

प्रश्न : कॅबिनेटसोबत ५०० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) फुकट मिळत आहे. आरटीएक्स ५०६० टीआय आणि रायझन ५ ७६०० यांना तो पुरेल ना?

उत्तर : कागदावर पुरतो. कार्ड १८० वॅटचे. प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणवला जात असला तरी भाराखाली ८८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. पंखे, एसएसडी, रॅम आणि मदरबोर्ड मिळून आणखी ५०-६० धरा. बेरीज ३२५ च्या आसपास येते. तरीही हा फुकटचा एसएमपीएस वापरू नये, असेच मी सांगेन.

एसएमपीएसच्या बाजूला चिकटवलेला तक्ता वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या तारांतून घेतात, म्हणून खोक्यावरील मोठ्या आकड्यापेक्षा त्या रकान्यातील अँपिअर महत्त्वाचे. समजा तिथे २४ अँपिअर लिहिले आहे. २४ गुणिले १२ म्हणजे २८८ वॅट. उरलेले दोनशे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या बाजूला आहेत आणि तिथे आजच्या संगणकाला त्यांचा फारसा उपयोग नाही. शिवाय ग्राफिक्स कार्डे काही मिलिसेकंदांपुरती आपल्या नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर उडी मारतात, आणि ती उडी झेपली नाही तर एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. असे झाले तर तो एसएमपीएस चांगल्या जातीचा म्हणायचा. हलक्या प्रतीच्या एसएमपीएसमध्ये ही संरक्षणाची सोयही भरवशाची नसते.

माझ्या पहिल्या संगणकाला असाच कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस होता. खेळ रंगात आला की संगणक पटकन बंद पडे आणि बटण दाबले की काहीच न घडल्यासारखा सुरू होई. मी रॅम बदलून पाहिली, विंडोज दोनदा पुन्हा टाकले, कार्ड परत पाठवण्याची तयारीही केली. शेवटी ओळखीच्यांकडून एक चांगला एसएमपीएस आणून जोडला आणि दुखणे त्याच संध्याकाळी संपले.

तेव्हा नामांकित बनावटीचा ५५० ते ६५० वॅटचा, ‘८० प्लस’ ब्राँझ किंवा गोल्ड चिन्हाचा एसएमपीएस घ्यावा. हे चिन्ह फक्त कार्यक्षमता सांगते : गोल्ड असेल तर अर्ध्या भारावर भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी सुमारे ९० टक्के वीज भागांपर्यंत पोहोचते. आतील कपॅसिटर कसे आहेत हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी हमीची वर्षे पाहावीत, कारण सात-दहा वर्षांची हमी कोणी उगाच देत नाही. कार्डाला लागणारी आठ पिनांची केबल एसएमपीएसमधूनच आलेली असावी. जुन्या चार पिनांच्या जोडणीवर अडॅप्टर लावून ती तयार करू नये. त्या तारा आणि पिना इतक्या विजेसाठी केलेल्या नसतात.

प्रश्न : जनरेशन ५ ची (पीसीआय एक्सप्रेस ५.० ची) एसएसडी घेतली तर खेळ अधिक वेगाने चालेल का?

उत्तर : नाही. साटा या जुन्या जोडणीच्या साध्या एसएसडीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबी असतो आणि ४.० पिढीच्या एनव्हीएमईचा (पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने जोडलेल्या एसएसडीचा) ७००० एमबीपर्यंत जातो, तरी बहुतेक खेळ उघडताना दोघींत काही सेकंदांचाच फरक पडतो. टीएलसी प्रकारची (एका पेशीत तीन बिट साठवणारी), ४.० पिढीची १ टीबी एसएसडी घ्या आणि उरलेले पैसे कार्डाकडे वळवा. विंडोज ती ९३१ जीबी दाखवेल. त्यात कोणी फसवलेले नसते, मोजण्याची पद्धत वेगळी आहे इतकेच.

प्रश्न : नवा संगणक जुळवला, १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, पण खेळ रखडत चालतो आहे. कार्ड सदोष आहे का? प्रोसेसर रायझन ५ ७६०० आहे.

उत्तर : कार्डाला दोष देण्याआधी संगणकाच्या मागे जाऊन मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहा. वरच्या भागात, यूएसबीच्या शेजारी असलेले पोर्ट मदरबोर्डचे असतात. कार्डाचे पोर्ट त्याखाली आडव्या पट्टीवर असतात. रायझन ५ ७६०० मध्ये स्वतःची लहानशी ग्राफिक्स चिप असल्यामुळे केबल चुकीच्या जागी लावली तरी चित्र दिसते आणि चूक लपून राहते, तर महागडे कार्ड जवळजवळ रिकामे बसून असते. अशी चिप नसलेल्या, ‘एफ’ अक्षराच्या इंटेल प्रोसेसरवर पडदा काळाच राहतो, त्यामुळे तिथे ही फसगत होत नाही.

केबल योग्य जागी असेल, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट (पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा) पाहा. नवा मॉनिटर बहुधा ६० वरच सुरू होतो आणि तो १६५ आपणच निवडावा लागतो. त्यानंतर रॅम. चार खाचांच्या मदरबोर्डमध्ये दोन स्टिक सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. शेजारी शेजारी बसवल्यास दोन्ही एकाच चॅनेलवर येतात. खोक्यावर ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅमही बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला खोक्यावरच्या वेगाने चालवणारा पर्याय) चालू करेपर्यंत ४८०० च्या आसपास रेंगाळते. तो पर्याय चालू करून संगणक पुन्हा सुरू केल्यावर पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो, कारण मदरबोर्ड त्या वेळात रॅमची जुळणी तपासून पाहत असतो. पंखे फिरत असले, तर बटणाला हात न लावता वाट पाहावी.