चिपळूणजवळ चुकीची लेन बदलल्याचं ई-चलन आलंय, डायव्हर्जनमुळे वळावं लागलं होतं. हरकत कशी घ्यायची?

आधी पैसे भरू नका. दंड भरला की प्रकरण मिटलं असं धरतात, मग भांडायला जागाच उरत नाही.

चलन उघडून मोटार वाहन कायद्याचं कुठलं कलम लावलंय ते बघा. 177अ (177A) म्हणजे वाहन चालवण्याचे नियम मोडणं, त्याला दंड 500 ते 1000 रुपये. 184 म्हणजे धोकादायक वाहन चालवणं, ते खूपच गंभीर. तिथे वकील गाठाच.

मग फोटो झूम करून नीट बघा. नंबर तुमचाच आहे का? जागा, तारीख, वेळ जुळते का? आणि मुख्य म्हणजे रस्त्यावर पट्टा दिसतोय का? मुंबई-गोवा महामार्गावर काम चालू असलेल्या टप्प्यात नव्या रस्त्यावर बरेचदा पट्टेच मारलेले नसतात, पिंप आणि बॅरिकेड लावून गाडी बाजूला काढतात. तिथे लेन कुठली मोडली, हे त्यांनीच दाखवायला हवं. डॅशकॅमचं फुटेज असेल तर आजच कॉपी करून ठेवा, ते आपोआप पुसलं जातं. नसेल तर डायव्हर्जन हटायच्या आत जाऊन पाटीसकट फोटो काढा.

केंद्रीय मोटार वाहन नियम 167अ प्रमाणे कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक लागतो. तो नसेल तर तेही लिहा.

तक्रार महाट्रॅफिक ॲपवर किंवा ई-चलनाच्या संकेतस्थळावर करा, चार ओळींत, पुरावा जोडून. फेटाळली तर न्यायालयात दाद मागा. लोकअदालतीत बहुधा तडजोडच होते. चूक नसताना तिकडे जाऊ नये, असं माझं ठाम मत.